पाठ फिरवून ऐक

"पाठ फिरव," तुस्कानो सर म्हणाले.

मला वाटलं, झालं. मुलाखत संपली, आता पाठ फिरव आणि चालू पड. मी उठून पिशवी खांद्याला लावली तर ते हसायला लागले.

"अगं, जायचं नाही. पडद्याकडे पाठ करून बस. तुझीच फिल्म परत लावतो. ह्या खेपेला बघायची नाही, नुसती ऐकायची."

"का?"

"ऐक तर."

मुंबईतली ती सिनेमा शिकवणारी संस्था. तिथलं ते लहानसं थिएटर मी आजही डोळे मिटून रंगवू शकेन. भिंतींना गादीसारखं जाड कापड लावलेलं, पायाखाली जाड गालिचा, आणि दार लागलं की कानात कापसाचे बोळे कोंबल्यासारखं व्हायचं. इतकी गप्प खोली मी जन्मात पाहिली नव्हती. आत गेल्या गेल्या मी "नमस्कार" म्हटलं तर मुलाखत घेणाऱ्यांतल्या मधल्या खुर्चीतल्या बाई अशा दचकल्या की त्यांच्या बशीत चहा सांडला.

"बाळ, जरा हळू. आम्ही इथंच आहोत," त्या म्हणाल्या.

"मी हळूच बोलले," मी म्हणाले. खरंच हळू बोलले होते. इचलकरंजीच्या मानानं.

आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. इचलकरंजी म्हणजे यंत्रमाग. बोळाबोळात मागाचे कारखाने, आणि रात्रंदिवस खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. आमचं घर तर मालकांच्या कारखान्याच्या माडीवरच होतं. दोन खोल्या. खाली माग चालायचे आणि वर आमच्या तांब्यातलं पाणी थरथरायचं. मला ते थरथरणारं पाणी बघायची इतकी सवय की पहिल्यांदा मावशीच्या गावाला गेले तेव्हा तिथलं पाणी मला मेलेलं वाटलं होतं.

आणि एवढ्या दणदणाटात बोलायचं कसं? तर बघून. मागावरची माणसं ओठ मोठे मोठे हलवतात, हातानं खुणा करतात, समोरचा बरोबर ओळखतो. पंजा पुढं ढकलला की 'माग चालू कर'. मूठ आवळून मागं ओढली की 'बंद'. 'जेवलास का', 'मालक आलाय', 'त्याची बायको माहेरी गेली' असल्या गप्पासुद्धा चार मागांपलीकडून चालतात, आणि मालकाच्या पाठीमागं मालकाला शिव्याही. आमचे आप्पा मागावरच म्हातारे झाले. त्यात त्यांचे कान गेले. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. शेतात राबणाऱ्याच्या टाचा फुटतात, मागावरच्याचे कान जातात, तसंच ते.

मी बी.ए. होऊन बंडूकाकांच्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात कामाला लागले होते. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं टिपायचं, मग दुकानात बसून कापाकापी करायची. त्यातनंच डोक्यात किडा शिरला, आपण सिनेमा शिकायचा. घरात मी आणि आप्पा दोघंच. आई मी नववीत असताना गेली. सिनेमाच्या शाळांची नावं शोधायला, त्यांना विचारायला, परीक्षा द्यायला मी एकटीच. बंडूकाकांनी कॅमेरा मात्र चार दिवस फुकट दिला. "कर बाई, कर. मोठी झालीस की आमच्या दुकानाचं उद्घाटन करायला ये," म्हणाले.

त्या कॅमेऱ्यावर मी आप्पांची फिल्म केली. काही नाही, आप्पा माडीच्या जिन्यावर बसलेत आणि आईची न् त्यांची गाठ कशी पडली ते सांगतायत. एवढंच. पण मी ती कापताना रडले होते. आपल्या हातून काहीतरी खरं झालंय असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

आणि आता तीच फिल्म पाठीमागं चालू झाली. मी समोरच्या गादीसारख्या भिंतीकडे बघत बसले.

खटॅक-खटॅक. खटॅक-खटॅक.

त्या थिएटरचे स्पीकर चांगलेच होते. आमचा अख्खा कारखाना त्यांनी आत आणून उभा केला. मी वाट बघितली. आता आप्पा म्हणतील, "तवा मी नुकता मागावर लागलो होतो." खटॅक-खटॅक. आता म्हणतील, "ती कांड्या भराय यायची." खटॅक-खटॅक. मी कान टवकारले, डोळे मिटले, मान वाकडी केली. काही नाही.

"काय म्हणतायत तुझे वडील?" तुस्कानो सरांनी विचारलं. ते वसईचे. बारीक अंगाचे, वयस्कर, आवाजाचा विषय शिकवायचे.

"मागात बुडालंय सगळं," मी म्हणाले. लाजेनं माझे कान तापले होते. "माइक चांगला नव्हता, सर."

"असेल. पण मगाशी तू समोर बघत होतीस तेव्हा दोनदा हसलीस. एकदा डोळे पुसलेस. तेव्हा ऐकू येत होतं?"

"येत होतं की!"

"आणि आता?"

त्या बाईंनी कप खाली ठेवला. तेवढाही आवाज ऐकू आला.

"बरं, ते काय म्हणतात ते तू सांग," सर म्हणाले.

मग मी सांगितलं. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायला, यायची. एकदा आप्पांच्या मागावर दोरा इकडून तिकडं नेणारा धोटा अडकला आणि त्यांचं लक्ष नव्हतं, तेव्हा पलीकडच्या भिंतीपासनं तिनं नुसत्या ओठांनी सांगितलं, "धोटा अडकलाय, येड्या." इथं मी पहिल्यांदा हसले होते. त्यानंतर वर्षभर दोघं बोलत राहिले, रोज, मागांच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पण एकमेकांचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. बाहेर भेटायची सोय नव्हती, गावात तेवढं धाडस कोण करतं? आप्पांनी आईचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो लग्नात, उखाणा घेताना. आणि त्यांना वाटलं, अरे, ही असली बारीक आवाजाची आहे होय! मी तर मनात दुसराच आवाज धरून बसलो होतो.

मला वाटलं, जिंकले मी. घेतात आता मला.

तासाभरानं तुस्कानो सर बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "दिग्दर्शनाला तुझं नाव नाही लागलं. पण माझ्याकडे ध्वनीला एक जागा आहे. ती तुला द्यावी असं मी म्हणालो, आणि त्यांनी ऐकलं."

माझं डोकंच फिरलं. "ध्वनीला? म्हणजे मी काय लाउडस्पीकरवाली व्हायला आले होय एवढ्या लांब?"

समोरून जाणारी दोन पोरं थांबून बघायला लागली. सर मात्र हसले.

"लाउडस्पीकरची तुला गरज नाही, हे बाकी खरं. दुसरीकडे कुठे मिळतंय?"

"कोल्हापूरला. तिथं दिग्दर्शन आहे. आणि रोज संध्याकाळी घरी येता येतं."

"मग अवघड आहे तुझं. सोमवारपर्यंत कळव." ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. "एक काम कर. तुमच्याकडे माग कधी बंद असतात?"

"आठवड्यातनं एक वार लाइट नसते. तेव्हा."

"त्या दिवशी वडिलांना हेच परत सांगायला लाव. आणि अशीच पाठ करून ऐक."

"कशाला?"

"मी ते मागांचे आवाज बाजूला सारून खाली काय आहे ते ऐकायचा प्रयत्न केला. मला एक शंका आली आहे. चुकीची निघाली तर बरंच आहे."

"कसली शंका?"

"ते तूच ऐक," म्हणाले आणि गेले. मनातल्या मनात मी त्यांना आमच्या मागावरच्या भाषेत चार शब्द ऐकवले.

घरी आले तर अक्का येऊन बसलेली. अक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, मागच्याच गल्लीत राहायची. तिला सगळं सांगून होतंय न होतंय तोच ती म्हणाली, "त्यात इच्यार कसला करायचाय? कोल्हापूर! सकाळची यष्टी धरायची, सांजच्याला दिवा लागायला घरात. सिनेमा तर सिनेमा. तुझं आपलं कायतरीच असतंय, वैजू."

"मुंबईची मोठी आहे गं."

"मोठी असंल तिच्या घरची. आन् ह्याचं काय?" तिनं हनुवटीनं जिन्याकडं दाखवलं. आप्पा पाळी संपवून वर येत होते. डोक्यावर, भुवयांवर कापसाची बारीक धूळ. "त्याच्याशी कोण बोलणार? मला तर त्याचं निम्मं कळत न्हाई. तू हायस म्हणून हे घर बोलतंय."

आणि ते खरं होतं. आप्पांचं बोलणं समजावं तर मलाच. अक्काचे डोळे अधू झालेले, तिला ओठ नीट दिसत नसत. बाहेरची माणसं कंटाळायची. मी मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या समोर ताट घेऊन बसायची आणि आमच्या गप्पा रंगायच्या. लांब गेले तर फोनवर बहिऱ्या माणसाशी काय बोलणार? तोंड दिसणारे फोन यायला अजून पुष्कळ वर्षं होती. मुंबई घेतली तर आप्पांचं बोलणंच बंद होणार होतं, आणि ते मी करणार होते.

मी आप्पांच्या समोर बसून, ओठ मोठे करून दोन्ही शाळांचं सांगितलं.

"दोन्हीकडं सिनेमाच शिकवत्यात न्हवं?" ते म्हणाले.

"हो. एक जवळ, एक लांब. जवळ दिग्दर्शन, लांब नुसता आवाज."

"आवाज?" त्यांना गंमत वाटली. "मागवाल्याच्या पोरीला आवाज शिकायला पैसे देऊन मुंबैला जायाचं?" आणि खांदे हलवत हसले. मग हात पुसता पुसता म्हणाले, "जवळची बरी, वैजू. पर तुला कुठली पायजे?"

"मला कळत नाही, आप्पा."

त्यावर त्यांनी पंजा पुढं ढकलला. माग चालू कर. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

लाइटबंदीच्या वारी आमचं गाव ओळखू येत नसे. सकाळी एका क्षणी सगळं थांबायचं आणि लहान पोरं दचकून उठून रडायला लागायची. एरवी न ऐकलेले आवाज त्या दिवशी कुठूनतरी वर यायचे. कावळे, कुणाचा तरी खोकला, बोहारणीची हाळी, लांब कुणी बादली आदळतंय ती. आप्पा त्या दिवशी नदीवर जायचे आणि आल्यावर दुपारभर, लाइट येऊन माग सुरू होईपर्यंत, झोपायचे. आम्ही दोघं त्या शांततेत फारसे कधी समोरासमोर बसलेलोच नव्हतो. बसायचं कारणही नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना झोपू दिलं नाही. जिन्यावर बसवलं, फिल्ममध्ये बसले होते तिथंच. म्हटलं, "आईचं परत सांगा."

"आता? कशाला?"

"सांगा हो. आणि मी पाठ करून बसणारे."

"पाठ करून?"

"परीक्षा आहे शाळेची."

"ही कसली परीक्षा गं बाई," म्हणत ते सरसावून बसले. मी खालच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून बसले.

कावळा ओरडला. खाली कुणीतरी तंबाखू मळून टाळी मारली. मी वाट बघत राहिले. बरीच वाट बघितली. आप्पा आठवतायत वाटतं, म्हणून शेवटी मान वळवून म्हणाले, "बोला की, आप्पा!"

ते बोलतच होते.

ओठ हलत होते, भुवया वर-खाली होत होत्या, हात मागावर चालवल्यासारखे चालले होते. धोटा अडकला तिथपर्यंत ते येऊनही पोचले होते. "धोटा अडकलाय, येड्या," ते म्हणत होते, आणि मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांच्या आवाजात. जाडसर, थोडा खालचा, विनोद सांगताना हेल काढणारा आप्पांचा आवाज.

मी पाठ फिरवली. कावळा.

परत वळले. आप्पांचा आवाज.

पाठ फिरवली. खालून कुणीतरी थुंकलं. बाकी काही नाही.

खरं सांगते, एवढी भीती मला आई गेली तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा घरात माणसं तरी होती. मी त्या पायरीवर भिंतीला हात लावून बसले होते आणि मला कळत होतं की हा आवाज, जो मी रोज संध्याकाळी ऐकत होते, तो माझ्या डोक्यात होता. बाहेर कुठंच नव्हता. त्या फिल्ममध्ये माग बंद असते तरी काही ऐकू आलं नसतं. तुस्कानो सरांना ते एका ऐकण्यात कळलं होतं आणि मी त्या घरात वाढले होते.

मी तशीच उठून अक्काकडे पळाले. ती वाल सोलत होती.

"अक्का, आप्पांचा आवाज तू शेवटचा कधी ऐकलास?"

"ह्यो काय परश्न? रोज तर..." म्हणता म्हणता तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं, बोळाकडं बघितलं. "थांब हां. दिवाळीला... न्हाई, दिवाळीला तो नुसता हसला." ती आठवत राहिली. मग तिनं सोललेल्या वालांचं ताट मांडीवरनं खाली ठेवलं.

"तुझ्या आईला नेलं, तवा," ती म्हणाली. "हाका मारल्या होत्या त्यानं. तिच्या नावानं. सगळी गल्ली गोळा झाली होती." आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई. त्याच्यानंतर न्हाईच की गं."

आई आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची. मोठ्यानं, आणि त्यांनाही मोठ्यानं बोलायला लावायची. "नुसते ओठ नका हलवू, मी काय कारखान्यात न्हाई," म्हणायची. हे मला त्या क्षणी आठवलं. ती गेल्यावर तसं म्हणणारं कुणी राहिलं नाही. मला तर बघून सगळं कळत होतं. मी फार हुशार होते ना.

मी परत आले तेव्हा आप्पा जिन्यावरच होते. अक्का माझ्या मागोमाग लगबगीनं आलेली.

"काय झालं? नापास झालो व्हय मी?" त्यांनी विचारलं. ओठांनी.

"आप्पा, तुमचा आवाज येत नाही."

"आं?"

"आवाज! तुम्ही नुसते ओठ हलवताय."

"छ्या. बोलतोय की." ते माझ्याकडं बघून हसले, मग अक्काकडं बघितलं. अक्का रडत होती. तेव्हा त्यांचं हसू गेलं. "बोलतोय की मी," ते परत म्हणाले. तेही नुसते ओठच होते.

मी त्यांचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "आप्पा." त्यांच्या बोटांखाली माझा गळा थरथरला. मग तोच हात त्यांच्या गळ्यावर ठेवला. "म्हणा. वैजू."

ओठ हलले. त्यांनी वाट बघितली. बोटांना काही लागलं नाही. परत हलले. परत काही नाही. आप्पांचे डोळे मोठे झाले. अंधारात पायरी चुकल्यावर माणूस करतो तसं त्यांचं तोंड झालं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि गळ्यातून काहीतरी काढलं. शब्द नव्हता तो. गंजलेलं दार ओढल्यासारखं काहीतरी होतं. ते इतके दचकले की हात काढून मांडीखाली दाबून बसले.

"कसा होता?" त्यांनी ओठांनी विचारलं.

"चांगला होता," मी म्हणाले. "परत काढा."

त्यांनी मान हलवली. नाही. उठले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. भिंतीकडे तोंड केलं की आप्पांशी काही बोलता येत नसे.

सोमवारी मी बंडूकाकांच्या दुकानातून मुंबईला फोन केला आणि ध्वनीची जागा घेतली.

का घेतली, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. अक्का म्हणाली, "बाप असा, आन् तू निघालीस?" त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी आप्पांच्या समोर ताट घेऊन बसले. ते बोलायचे, मी बघायची, आणि मला ऐकू यायचं, आणि त्याच वेळी ऐकू येत नाही हेही कळायचं. कोल्हापूर घेतलं असतं तर हे रोज, वर्षानुवर्षं. मला ते सोसवलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, सगळ्या जगात एकाच माणसाला हे ऐकू आलं होतं. तो माणूस कसा ऐकतो ते मला शिकायचं होतं.

एस.टी. स्टँडवर आप्पा आले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी पंजा पुढं ढकलला. मीही ढकलला. ते काहीतरी बोलले, पण मधे दुसरी गाडी आली आणि मला ओठ दिसले नाहीत.

हॉस्टेलची खोली थिएटरइतकीच गप्प होती. मुली म्हणायच्या, नशीबवान आहेस, मागच्या बाजूची शांत खोली मिळाली. मी पंखा पाचवर लावून त्याच्या खडखडीत पडून राहायची. तांब्यात पाणी भरून खिडकीत ठेवलं होतं. ते हलत नव्हतं. मेसमध्ये मुली हळू बोलायच्या आणि मी सवयीनं त्यांच्या ओठांकडं बघायची, तर एक दिवस एकीनं सरळ विचारलं, "तू सारखी तोंडाकडे काय बघतेस गं?" तेव्हापासून मी ताटाकडे बघून जेवायला लागले. मी बोलले की सगळी मेस वळून बघायची, म्हणून बोलणंही कमी केलं. एके दिवशी ध्यानात आलं की "थोडा भात" असं मी वाढणाऱ्या मावशींना नुसत्या ओठांनी सांगितलं होतं. आवाज दिलाच नव्हता. मावशींनी भात वाढला. त्यांना कळलं होतं. मी ताट तसंच ठेवून खोलीत गेले आणि आरशापुढे उभी राहून मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं.

दिवाळी जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी वॉर्डनबाईंनी जिन्यातून हाक मारली, "खारगे, फोन!"

मला फोन करणारं कोण होतं? अक्काच. आणि अक्का फोन करणार म्हणजे वाईटच.

"हॅलो?"

पलीकडे काही नाही. नीट ऐकलं. कावळा ओरडत होता. माग ऐकू येत नव्हते.

"हॅलो, कोण बोलतंय?"

कुणीतरी घसा खाकरला. मग एक आवाज आला. चिरका, पातळ, मधेच फुटणारा. एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याचा.

"वैजू?"

"कोण पाहिजे आपल्याला?" मी म्हणाले. शप्पत. मी असं म्हणाले.

"मी आप्पा," तो आवाज म्हणाला. "मला काय ऐकू येत न्हाई, तवा तू बोलू नकोस. नुसती ऐक. मालकाच्या हापिसातनं बोलतोय. आज लाइट न्हाई. अक्का म्हणती, तू लाइनवर हायस. हायस असं धरून बोलतो."

मी भिंतीकडे वळले. फोनची वायर गळ्याभोवती आली ती तशीच राहू दिली.

"रोज नदीवर जातोय. तितं कुणी नसतंय. म्हशींना हाका मारतोय. म्हशी बगत्यात." मधे आवाज फुटला. परत खाकरले. "फोनवर ओठ दिसत न्हाईत तुला, म्हणून म्हटलं आवाजच काढाय पायजे. कसा हाय, मला ठावं न्हाई. वंगाळ असला तर असू दे."

मी ज्याला आप्पांचा आवाज समजत होते, जाडसर, खालचा, हेल काढणारा, त्याचा ह्यात मागमूसही नव्हता. तो कुणाचा होता देव जाणे. हा खरा होता.

"त्या दिवशी तुझ्या आईचं अर्धंच राहिलं," ते म्हणाले. "उखाणा सांगायचा राहिला. सगळ्यांनी आडवून धरली होती तिला. मान खाली घालून म्हणाली,

धोट्यासंगं धावतो दोरा, कापड येतंय छान,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, राखते सगळ्यांचा मान.

असा बारीक आवाज. मला हसूच आलं. मला वाटलं हुतं, ही आपल्या अक्कासारखी भसाड्या आवाजाची असणार." पाठीमागून अक्काचा ओरडा ऐकू आला. तो त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. "एवढंच सांगायचं हुतं. जेवत जा. ठेवू मी? ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं!" मी म्हणाले. "ऐकलं, आप्पा! सगळं ऐकलं!" इतक्या मोठ्यानं की वॉर्डनबाई खोलीतून धावत बाहेर आल्या आणि वरच्या मजल्यावरच्या मुली कठड्यावरून वाकून बघायला लागल्या.

पलीकडे कावळा ओरडत होता. बराच वेळ नुसता तोच. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

अक्कानं मला ते दिवाळीत सांगितलं. एका हातात फोन आणि दुसरा हात गळ्यावर, असे आप्पा उभे होते म्हणाली, सगळं होईपर्यंत. आणि खाली ठेवायच्या आधी त्यांनी तो फोन डोळ्यांपुढं धरला, उजेडाकडं केला आणि नीट निरखून बघितला, मी काय म्हणतेय ते.